गुरुवारची सुट्टी आणि अरबी समुद्र

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहू नयेत, विजेचा भार वाटला जावा, म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार ठरवून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. घरातला एक माणूस कंपनीत आणि बाकीचे बँकेत, शाळेत, हिंजवडीत असतील तर या गुरुवारचं ओझं लगेच कळतं. मी घरी असते तेव्हा घरात कोणी नसतं. सगळे घरी असतात तेव्हा मी काळेवाडी फाट्यावरून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये असते. लग्नं, बारशी, सहली सगळं रविवारी. रजा टाकायची ती इतरांच्या कामासाठी, आणि हातात राहिलेला गुरुवार दळण, किराणा, सासूबाईंचा दवाखाना यांत संपतो.

मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तयार माल तपासून पुढे सोडायचा हे माझं काम. मुलगा नोकरीला लागला, सासूबाई नणंदेकडे हवापालटाला गेल्या, दिवाळीचा बोनस हातात होता आणि शिल्लक रजा मार्चअखेर वाया जाणार होती. तेव्हा मनात बरीच वर्षं असलेली गोष्ट मी घरात बोलून दाखवली. मला बोटीने जायचं होतं.

आई देवगडच्या बाजूची. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्याच्या कितीतरी आधी तिचं लहानपण बोटीच्या प्रवासात गेलं. मुंबईहून निघालेली बोट एकेक बंदर घेत दक्षिणेला जायची. खोल पाण्यात थांबायची, किनाऱ्यावरून होड्या सुटायच्या आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या सगळं होडीतून बोटीवर चढायचं. डेकवर वळकटी पसरून रात्र काढायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद, मग मुंबईची माणसं मुंबईत आणि गावची गावात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा बंद पडली. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं आई अजूनही माहेरच्या माणसांची घ्यावीत तशी घेते. मी मात्र पुण्याकडे वाढले. समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून काढलेला फोटो, एवढाच माझा अनुभव.

नवऱ्याला बोट लागते. मुरूडला जंजिऱ्याच्या शिडाच्या होडीत बसून अर्ध्या तासात त्याची जी अवस्था झाली होती, ती आम्ही दोघंही विसरलेलो नाही. तो म्हणाला, “मला काही ते जमायचं नाही. तू जाऊन ये.” मुलगा म्हणाला, “मम्मी, सोबत कोणीतरी बघ ना, मावशीला विचार.” मावशीला रविवार हवा होता. शेवटी मी एकटीचंच बुकिंग करायचं ठरवलं.

रहाटणीत कोकणे चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत ही बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर पोचली. दोघीतिघींनी काळजीने विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” एकीने तर हात धरून विचारलं, भांडण झालंय का. विचारणाऱ्यांचा मला राग नाही. आपल्याकडे बाई एकटी बाहेर पडते ती नोकरीला, बाळंतपणाला, आजारी माणसाजवळ बसायला किंवा तीर्थाला. मौजेसाठी एकटीने चार पैसे खर्चून जाणं यासाठी लोकांकडे तयार कारण नसतं, म्हणून ते भांडणाचं कारण शोधतात. मी सगळ्यांना एकच सांगितलं: मला समुद्र बघायचाय आणि यांना बोट लागते.

खरी अडचण पैशांची निघाली. जगभर जहाजांच्या सफरीचं भाडं ‘दोघांत एक खोली’ या हिशोबाने माणशी सांगतात. जाहिरातीत दिसतो तो आकडा तोच. एकटं माणूस गेलं की रिकाम्या राहणाऱ्या दुसऱ्या पलंगाचंही भाडं त्याच्याकडूनच घेतलं जातं, कधी पूर्ण, कधी थोडं कमी. बुकिंग करणारा मुलगा पुन्हापुन्हा विचारत राहिला, “दुसरे पॅसेंजर कोण, मॅडम?” कोणी नाही म्हटल्यावर त्याने आकडा सांगितला आणि मी एक दिवस विचार करायला मागितला. त्या पैशांत घरात नवा फ्रीज आला असता. रात्री हिशोब मांडला, बाल्कनीची खोली सोडून आतली, खिडकी नसलेली खोली धरली आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरले.

मुंबई-गोवा-मुंबई अशी सफर होती. जहाजाचं नाव ‘एम्प्रेस’, कॉर्डेलिया क्रूझेसचं. सप्टेंबर २०२१पासून ते मुंबईहून फिरतंय. त्याआधीचा त्याचा जन्म निराळा: १९९० साली फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने तयार झालं आणि तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच आखलेलं होतं. २११ मीटर लांब. त्याचं टनेज ४८,५६३ लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते वजन वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेला असतो. आयुष्यभर मापं घेत आल्यामुळे अशी गोष्ट कळली की मला बरं वाटतं.

चिंचवडला पहाटे सिंहगड एक्स्प्रेस पकडली. पासवाल्यांचा डबा ओळखीचा, पत्त्यांचे डाव, थर्मासमधला चहा. दहाच्या सुमारास सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. आता ऑफिसांच्या दगडी इमारतींमधली शांत जागा वाटते, पण विलायतेची बोट इथेच लागायची. फ्रंटियर मेल १९२८ साली सुरू झाली तेव्हा थंडीच्या मोसमात बोटीतून उतरलेल्या साहेबांसाठी ती इथल्या धक्क्यावरच्या स्टेशनातूनच सुटत असे. बोटीतून उतरायचं आणि थेट पेशावरच्या गाडीत बसायचं. सामान्य माणसाचा धक्का वेगळा होता, भाऊचा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी १८४१ साली तो बांधला, लोक त्यांना भाऊ म्हणत आणि धक्क्यालाही त्यांचंच नाव राहिलं. आईच्या बोटी तिकडच्या. तिची मुलगी साहेबांच्या धक्क्यावरून जहाजात चढते आहे हे मला रांगेत उभं असताना सुचलं आणि मी तिला फोन केला. ती म्हणाली, “आवळासुपारी घेतलीस का? रिकाम्या पोटी राहू नको.”

सामानाची तपासणी, आधार कार्ड, फोटो, मग हातात एक कार्ड. तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट, धक्क्यावर उतरताना आणि चढताना तेच हजेरी. आमच्या गेटवरच्या पंचिंगसारखंच, पण इथे कार्ड लावल्यावर कुठल्या लाइनला जायचं हे कोणी सांगत नव्हतं.

जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो ऐकू आला की कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचं. टायटॅनिक बुडाल्यावर जगातल्या देशांनी १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षिततेचा करार केला आणि तेव्हापासून हे नियम वाढत, कडक होत आले. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडलं, तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घेणं सक्तीचं झालं. माझ्या आसपास बरेच जण मोबाइलवर चित्रण करत होते. मी लाइफ जॅकेट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. खांद्याजवळ दिवा, दोरीला शिट्टी, पट्ट्याला पक्की शिवण. शिवण ओढून बघितली. शिकवणारी मुलगी हसून म्हणाली, “मॅडम, पहिल्यांदाच कोणी इतकं तपासलं.”

मला त्या क्षणी ‘रामदास’ आठवत होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईत संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. कोकणातल्या कितीतरी घरांत तो दिवस अजून मोजला जातो. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘रामदास गेली त्या साली’ अशी कालगणना होती. आज आपण ज्या शिट्टीचं आणि दिव्याचं चित्रण करून हसतो, ते त्या माणसांकडे नव्हतं. म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे की कवायतीला मन लावून उभं राहा.

संध्याकाळी दोर सुटले. एवढं अजस्र जहाज धक्क्यापासून सुटताना पायाखाली काही जाणवत नाही. धक्का आणि जहाज यांच्यामधली पाण्याची चीर रुंदावत जाते तेव्हाच कळतं. गेटवे, ताज, कुलाबा एका बाजूने मागे सरकले. पाणी गढूळ, मातकट. कुलाब्याच्या टोकाचं १८७५ सालचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं आणि उजेड गेला. मग डाव्या हाताला अंधारात एक दिवा ठरावीक वेळाने चमकायला लागला, तो खांदेरीचा. शिवाजी महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या तोंडावर हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनी मिळून काम थांबवायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या मोठ्या गलबतांना चुकवून बेटावर सामान आणि माणसं पोचवत राहिल्या आणि किल्ला उभा राहिला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रातले-समुद्राकाठचे आहेत, आणि आमचा मार्ग या चौघांच्याही पुढून जाणार होता. अशा सफरींवर गाण्यांचे, खेळांचे कार्यक्रम भरपूर असतात. त्यांत एखादा तास या किनाऱ्याची गोष्ट सांगणारा कोणी असावा, असं मला फार वाटलं. मी शेजारी उभ्या असलेल्या एका छोट्या मुलाला तो दिवा दाखवून खांदेरीची लढाई सांगितली. त्याची आई थांबून ऐकत राहिली, मग त्याचे आजोबाही आले.

थोड्या वेळाने फोनचं नेटवर्क गेलं. मी फोन विमान मोडवर टाकला, कारण समुद्रावरचं महागडं नेटवर्क आपोआप पकडलं जाऊ शकतं. आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर रात्री अकरालाही मेसेज येतात: अमुक लॉट अडकलाय, तमुक ठिकाणी रिजेक्शन वाढलंय, कस्टमरचा फोन आलाय. त्या रात्री काही आलं नाही.

पहिलं जेवण हीच एकट्या माणसाची खरी परीक्षा असते. खोलीत, डेकवर एकटेपणा लपतो. जेवणघरात तो टेबलावर येऊन बसतो. दारातल्या मुलाने विचारलं, किती जण? मी म्हटलं, एक. त्याने मला सहा जणांच्या टेबलाकडे नेलं. तिथे इचलकरंजीचं एक जोडपं बसलं होतं, कापडाच्या धंद्यातलं, आणि डोंबिवलीच्या भिशीतल्या तिघी. ओळख झाली आणि इचलकरंजीच्या बाईंनी विचारलं, “एकट्याच आलाय तुम्ही?” हो म्हटल्यावर टेबलावर जरा शांतता झाली. त्यांचे यजमान पानातल्या भातात बोटं फिरवत राहिले. मग त्या म्हणाल्या, “भीती नाही वाटत?” मी म्हटलं, “कशाची?” त्या विचार करत राहिल्या. खरंच विचार करत होत्या, उत्तर शोधत होत्या. शेवटी म्हणाल्या, “काय माहीत. तसं बघायला गेलं तर इथं कशाची भीती?”

त्या रात्री मला जहाजाचा एक मोठा गुण कळला. एकटीने हॉटेलात उतरायचं तर रिक्षा, रात्रीचा रस्ता, लॉजवाल्याची नजर, जेवायला कुठे जायचं या सगळ्याचा पहारा मनात चालू असतो. जहाजावर रात्री एक वाजताही डेकवर दिवे असतात, माणसं असतात, खलाशी फेऱ्या मारतात, आणि खोली दोन मजले खाली असते. बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. गर्दीत असूनही कोणाला तुमच्याकडून काही नको असतं. माझ्यासारख्या बाईला, जिने आयुष्यात कधी रिकाम्या घरात सलग दोन रात्री काढल्या नाहीत, तिला एकटं राहायला शिकायला ही चांगली जागा आहे.

डोंबिवलीच्या तिघी मला नाचाच्या कार्यक्रमाला ओढत होत्या. मी थोडा वेळ गेले, आवाज सोसेना, बाहेर आले. जहाजाच्या मागच्या टोकाला गेले तर तिथे जवळजवळ कोणी नव्हतं. यंत्रांची थरथर पायाला लागत होती आणि मागे पांढऱ्या फेसाचा रस्ता अंधारात सरळ निघून जात होता. दूरवर मासेमारीच्या बोटींचे दिवे ओळीने दिसत होते. खोलीतल्या टीव्हीवर जहाज कुठे आहे ते नकाशात दाखवतात. ते मी बघून आले होते. मध्यरात्रीनंतर आम्ही आईच्या गावासमोरून जाऊ असा अंदाज होता. जहाज किनाऱ्यापासून इतकं दूर असतं की विजयदुर्ग, देवगड काही दिसलं नाही. मी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले.

खोलीत खिडकी नव्हती. दिवा मालवला की जो अंधार होतो तो मी घरी कधी पाहिलेला नाही. रहाटणीत रात्रीसुद्धा पडद्यातून रस्त्याचा दिवा आणि समोरच्या टॉवरची रोषणाई आत येते. टेबलावर अर्धा भरलेला पेला ठेवला होता. झोपण्याआधी तो डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिला. पाण्याची पातळी एका बाजूला दोन-तीन मिलीमीटर चढायची, क्षणभर थांबायची आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच चढायची. अशा जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणं कमी करतात. आवळासुपारी लागली नाही. गजर न लावता झोपले.

सकाळी लवकर डेकवर गेले तर इचलकरंजीच्या बाई आधीच कठड्याशी होत्या, एकट्या. यजमान झोपले होते. मला बघून त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही काल गेल्यावर मला झोपच नाही. म्हटलं, उद्या मीपण एकटी जाऊन उभी राहीन थोडा वेळ.” आम्ही दोघी बऱ्याच अंतरावर, आपापल्या जागी उभ्या राहिलो. बोललो नाही. पाणी आता हिरवट निळं झालं होतं. उडणारे मासे जहाजाच्या धक्क्याने पाण्यातून निसटत होते, मूठभर चंदेरी खडे फेकावेत तसे, आणि पुन्हा आत जात होते.

मार्मागोव्याला जहाज लागलं. हे कामाचं बंदर आहे. लोहखनिज, कोळसा, बार्जेस. कोळशाच्या धुळीविरुद्ध वास्कोकर कित्येक वर्षं बोलत आहेत, आणि औद्योगिक पट्ट्यातून आलेल्या माणसाला त्यांचं म्हणणं समजावून सांगावं लागत नाही. बहुतेक प्रवासी बसने लांबचे किनारे आणि चर्च बघायला गेले. मी वास्को गावातच फिरले. दामोदराच्या देवळात बसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे प्लेगची साथ आली तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथला नारळ आणून इथे ठेवला आणि अखंड भजन केलं. तेव्हापासून श्रावणात वास्कोचा भजनी सप्ताह होतो. पुजाऱ्यांनी हे सगळं इतक्या आपुलकीने सांगितलं की निघताना उशीर होतोय हे मलाच सांगावं लागलं. बाजारातल्या एका खाणावळीत शीत, हुमण, किसमूर आणि तिसऱ्यांचं सुकं जेवले. टेबलावर एकटी बसून, पुस्तक उघडून, सावकाश. कोणाच्या पानात काय हवंय हे न बघता जेवण्याची मला सवय नव्हती. पहिल्या दोन घासांना मी दोनदा इकडेतिकडे पाहिलं. मग नाही पाहिलं.

पुस्तक काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाई जोशींचं चरित्र होतं. मुद्दाम घेतलं होतं. आनंदीबाई एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. नवरा बरोबर नव्हता, नात्याचं कोणी नव्हतं. सोबत मिशनरी बायका होत्या. निघण्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून, आपण अमेरिकेला का जातो आहोत याचं जाहीर उत्तर त्यांना द्यावं लागलं. एकटी का जातेस, जात जाईल त्याचं काय, इथेच का शिकत नाहीस, अशा एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. १८८६ साली डॉक्टर होऊन परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. माझी सफर हौसेची, त्यांची ध्यासाची. दोन्ही एका तागडीत घालण्याचा मला अधिकार नाही. पण परतीच्या दिवशी डेकवर खुर्ची टाकून मी ते वाचत होते तेव्हा मनात येत राहिलं की दोन महिने त्या मुलीला समुद्राखेरीज फारसं दुसरं काही दिसलं नसेल. जेवण पटणारं नाही, बोलायला आपलं माणूस नाही. ती मुलगी कल्याणची होती, आणि आम्हा सगळ्यांसाठी तिने पुढे जाऊन वाट केली आहे.

परतीचा तो दिवस सबंध समुद्रावर होता. लोक म्हणतात की या दिवशी कंटाळा येतो. मला तोच दिवस सगळ्यांत जवळचा वाटला. मी क्षितिजाचा हिशोब केला. पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवर डोळे असतील तर क्षितिज साधारण अठरा किलोमीटरवर पडतं. रहाटणी ते चाकण सरळ रेषेत जवळपास तेवढंच अंतर. रोज मी ते नाशिक फाटा, भोसरी, मोशी, सिग्नल, कंटेनर, धूळ आणि हॉर्न यांतून कापते, कधी दीड तास, कधी दोन. इथे त्याच अंतरात चारही बाजूंना काहीही नव्हतं. एक बोटसुद्धा नाही. मी खुर्ची फिरवून चारही दिशांना बसून पाहिलं. दुपारभर पाण्याचा रंग बदलत राहिला आणि मी तेवढंच पाहिलं. त्या दिवशी मी एकही गोष्ट तपासून पास किंवा नापास केली नाही.

खोली आवरणारा मुलगा दापोलीकडचा निघाला. आधी मॅडम म्हणायचा, मराठी ऐकल्यावर काकू म्हणायला लागला. महिनोन्‌महिने जहाजावर, मग सुट्टी, मग पुन्हा जहाज. त्याने सांगितलं, “काकू, एकटे येणारे आता वाढलेत. आधी एकट्या बायका दिसायच्या नाहीत. आता असतात एखाददुसऱ्या.” त्याची आई कधी जहाजावर चढलेली नाही. त्याला तिला एकदा आणायचंय. मी म्हटलं, आण, आणि तिला एक दिवस एकटीला डेकवर सोड. तो हसला, पण मी मनापासून सांगत होते.

पहाटे मुंबईच्या तोंडाशी आलो. खांदेरी आणि त्याच्या शेजारचं उंदेरी धूसर उजेडात एकामागे एक दिसले, मच्छीमार बोटी परतत होत्या, पाणी पुन्हा मातकट झालं. नेटवर्क आलं आणि फोन थरथरायला लागला. शिफ्टच्या ग्रुपवर साठलेले सगळे मेसेज एकदम उतरले. कोणत्याही मेसेजमध्ये माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

आता कामाचं सांगते, कारण परत आल्यापासून कंपनीच्या बसमधल्या मैत्रिणी रोज विचारतात. मुंबईहून या सफरी साधारण ऑक्टोबर ते मे या काळात असतात. पावसाळ्यात ही जहाजं दुसऱ्या किनाऱ्याकडे जातात. पहिल्यांदाच जात असाल तर गोव्याची छोटी सफर पुरे. जाहिरातीतला भाव दोघांचा धरलेला असतो, म्हणून एकटीचं एकूण भाडं करांसकट लेखी मागून घ्या आणि मगच पैसे भरा. बोट लागत असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा, तिथे डोलणं कमी जाणवतं. खिडकी नसली तरी चालते, झोपण्यापुरतीच खोलीत जायचं असतं. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. जेवायला मोठ्या टेबलावर बसा, माणसं चांगली भेटतात.

आणि जहाजवाल्यांना एक विनंती. २०१० साली ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्या माणसासाठी १२८ लहान खोल्या बांधल्या गेल्या आणि त्यांचं भाडं एकाच माणसाचं ठेवलं गेलं. मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजावर अशा थोड्या तरी खोल्या ठेवा. रहाटणीत, भोसरीत, चाकणला स्वतःच्या पगारावर उभ्या असलेल्या हजारो बायका आहेत. त्यांना रिकाम्या पलंगाचे पैसे भरायला लावू नका.